अकरावीला मानसशास्त्र, हे पप्पांना सांगायचंय

१५ मे
दहावीच्या निकालाचे पेढे वाटून झाले. पप्पा स्वतः गाडीवरून अर्ध्या सास्तूरला देऊन आले. प्रत्येक दारात एकच वाक्य, "पोरगी डॉक्टर व्हनार." लातूरला सायन्स, क्लास, होस्टेल, सगळं ठरलंय. मला विचारलं नाही असं नाही, विचारलं. मी मान हलवली. ती मान कुठल्या बाजूला हलली ते पप्पांनी आपल्या सोयीनं ठरवलं.
मला आर्ट्स घ्यायचंय. मानसशास्त्र. हे पहिल्यांदा इथंच लिहिते.

१७ मे
वर्गातल्या शीतलला सांगून बघितलं. "सायको शिकणार? त्यासाठी शिकावं कशाला लागतंय तुला!" हसली, मी पण हसले. मग म्हणाली, "खरंच आर्ट्स घेतलंस तर गावात म्हणतील, मार्क खोटे होते."
का घ्यायचंय ते तिला सांगितलं नाही. कुणालाच नाही. इथं एकदाच लिहिते. बोर्डाचं सेंटर लोहाऱ्याला होतं, वर्ग वरच्या मजल्यावर. विज्ञानाच्या पेपरला खालून भरलेला ट्रक गेला आणि बाक थोडा थरथरला. बास. छाती अशी धडधडायला लागली की पेन धरवेना. वाटलं, स्लॅब आला खाली. बाकीच्या मुली लिहीत होत्या आणि मी वर बघत बसले. शेवटचे प्रश्न तसेच राहिले. तेव्हापासून वरच्या मजल्यावर जायचं मी टाळते.
यापुढं या धडधडीला नुसतं 'ध.' लिहीन. वही कुणाच्या हाती पडली तर नको.
त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी जन्मले पण नव्हते. मग माझ्यात हे कुठून आलं?

१९ मे
आज वादळ सुटलं. आत्या झोपते त्या अंगणातल्या शेडाचा एक पत्रा उडाला. आत्या तरी घरात आली नाही, पोतं पांघरून तिथंच बसून राहिली.
आत्या म्हणजे पप्पांची धाकटी बहीण. भूकंपात लहान होती, ढिगाऱ्याखाली सापडलेली. नंतर सरकारनं घर बांधून दिलं, पण ही स्लॅबखाली कधी झोपलीच नाही. लग्न झालं, सासरचं घर माळवदाचं, डोक्यावर मातीचं जड छत, वर्षाच्या आत परत आली.
शेजारच्या मावशी आज परत म्हणाल्या, "एकदा तुळजापूरला न्या तिला. देवीचं हाय कायतरी." पप्पा भडकले. "आमच्या आज्यानं धम्म घेतला तवाच देव नदीत सोडले. आमच्या घरात कुणाच्या अंगात येत न्हाय!"
मला पप्पांचंच पटतं. पण मग आत्याला होतं ते काय आहे? मावशींकडं त्याला चुकीचं का होईना, नाव तरी आहे. आमच्यात तेवढंही नाही. "तिचं तसलंच हाय," एवढंच.
आणि माझं पण तसलंच निघालं तर?

२२ मे
सोलापूर, मामाकडं. तिसरा मजला. ध. जेवण गेलं नाही, पित्त झालंय म्हणून सांगितलं.
सकाळी मामी कावल्या. रात्री मी सगळ्यांच्या मागून झोपले आणि फ्लॅटच्या दाराला आतून कडीच लावली नाही. "अगं, हे सोलापूर आहे, तुमचं सास्तूर न्हाय! चोर आला असता म्हंजे?" मी म्हणाले, आमच्यात आतून कडी लावत नाहीत. मामी म्हणाल्या, "का बरं?"
आता का बरं, ते मला काय माहीत? पाटावर पाय देऊ नये तसंच हे, असं मी धरून चालले होते. आईला फोन लावला. आई म्हणाली, "तुझ्या पप्पास्नी चालत न्हाय." का? "तवापासून." आणि लगेच विषय बदलला.
तवापासून. म्हणजे दार उघडलं नाही म्हणून आत राहिलेल्या माणसांपासून. मी इतकी वर्षं त्याला घरची रीत समजत होते. ही कसली रीत, हे भ्या आहे. आणि ते एकट्या आत्यात नाही, सगळ्या घराला आहे. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं, उलट जास्तच भीती वाटली.

२५ मे
शाळेतल्या गणिताच्या मॅडमकडं गेले. त्यांना सगळं नाही सांगितलं, फक्त मानसशास्त्राची डिग्री करायचीय एवढंच. वाटलं, खूश होतील.
मॅडम : "गणिताला भिऊन आर्ट्स घेत असशील तर फसशील." पुढं त्यात संख्याशास्त्र असतं म्हणे, प्रयोग असतात, मेंदूचं समजायला जीवशास्त्र. बी.ए.ला कुठल्याही शाखेतून जाता येतं, पण पाया कच्चा राहिला तर तिथं रडायची वेळ येते. आर्ट्सला पण गणित ठेवता येतं, ते सोडू नकोस म्हणाल्या. मानसशास्त्र, गणित, समाजशास्त्र, असं धरून चल. "आणि आधी कॉलेजात जाऊन बघ, विषय शिकवायला माणूस आहे का. कागदावर सगळेच विषय असतात."
खरं सांगायचं तर मी गणितापासून पळतच होते. पळायचं म्हणून जिथं निघाले, तिथं ते आधीच जाऊन बसलंय. येताना एसटीत रडू आलं.

२८ मे
धाराशिव. आईबरोबर; तिला आर्ट्सचं सांगितलंय, ध.चं नाही. पप्पांना जातीच्या दाखल्याचं सांगितलं.
कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम आहेत! एकट्याच, पण आहेत. वर्ग सगळ्यात वर. आई खाली सावलीला बसली. मी कठडा धरून चढले. मधल्या जिन्यात ध. इतकी, की खालीच बसले. मॅडम वरून उतरत होत्या. काय झालं, कोण तू, काही विचारलं नाही. म्हणाल्या, "श्वास घेऊ नकोस, आधी सोड. हळूहळू सोड." सोडला. परत सोडला. मग विचारलं, कुठल्या गावची. सास्तूर म्हणाले. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि माझ्या शेजारी पायरीवर बसल्या.
वर्ग बघितलाच नाही. जायचं मात्र तिथंच आहे. दोन वर्षं रोज तो जिना चढायचा.

३० मे
आत्याबरोबर शेंगा फोडायला बसले आणि सगळं सांगितलं. ध. पण. मला वाटलं, घाबरेल.
"शिमग्याधरनं बघतीया म्या. गच्चीवर वाळवण टाकायला तू जाईनास. म्हनलं, आलं हिच्यात बी." मग लई वेळ शेंगाच फोडत राहिली. "हे बघ बाय, माझ्यासाठी म्हनून काय शिकू नगंस. मला पत्र्याची सवय झालीया. पर बापाला खरं सांग."
मी म्हणाले, पप्पा हसतील. विजेच्या खांबावर चढणारा लाइनमन माणूस तो.
"न्हाय हसनार. ह्यात त्यो हसत न्हाय."

१ जून
सांगितलं.
पप्पा ड्युटीवरून आले, ओट्यावर बसून खांबावर चढायचा पट्टा पुसत होते. आर्ट्स म्हटल्यावर आवाज चढला, पण मला वाटलं होतं तेवढा नाही. "मनाचा डॉक्टर बी डॉक्टरच असतो की. आधी सायन्स घे, मग हो मनाची. आत्याचं बघायचंय ना तुला? मोठी डॉक्टर होऊन बघ." सगळं बरोबर बोलत होते. वाटलं, ठीक आहे, लातूर तर लातूर, नाहीतरी माझं कोण ऐकतंय. आणि तोंडातून निघूनच गेलं, "आत्याचं नाही पप्पा. माझं. मला होतंय."
मग पेपर, ट्रक, मामाचा फ्लॅट, जिना, सगळं.
पप्पांनी पट्टा खाली ठेवला. मला वाटलं, आता आईला हाक मारतील, दवाखाना, नाहीतर लग्नाचं काहीतरी... ते रस्त्याकडंच बघत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले,
"ते शिकल्यावर... जातं का गं?"
मी म्हणाले, "कुणाचं?"
पप्पांनी मागं वळून दाराच्या कडीकडं बघितलं.
मला खरंच माहीत नाही, तसंच सांगितलं. उद्या अकरावीच्या अर्जात कॉलेजची पसंती भरायची शेवटची तारीख आहे. आईनं ताटं वाढलीत, दोनदा हाक मारून झाली. पप्पा अजून उठले नाहीत.