बाईवर टाकलेला हात

आई,

बंडीची उभारी, बैलगाडीच्या कडेचा तो जाड दांडा, तुझ्या डोक्यात बसली तेव्हा मी तुझ्यापासून दहा पावलांवर होते. तू मला घरीच थांबायला सांगितलं होतंस, म्हणून हे तुला मी कधी सांगितलं नाही. सहावीत होते. तुम्ही चौदा-पंधरा बाया लोखंडी सब्बल आणि कुऱ्हाडी घेऊन गावाबाहेरच्या त्या दारूवाल्याच्या घराकडे निघालात आणि मी कुंपणाकुंपणानं मागं आले. आदल्या दिवशी बाबांनी तुला चुलीतल्या लाकडानं मारलं होतं. पाठीवरचा फोड लुगड्याला चिकटत होता आणि तू तो सोडवत सोडवत चालत होतीस. वडनेरच्या बाजारातून परतणारी माणसं रस्त्यात थांबून हसत होती. सगळा जिल्हा दारूबंदीचा, आणि आपल्या गावात सकाळी दूध मिळायच्या आधी दारू मिळायची. बीटचा हवालदार त्या घरच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं.

तुम्ही पिंपं फोडलीत. दारू गाळायला आंबवलेला मोहाचा सडवा अंगणभर वाहिला. मग कुणीतरी त्याच्या बायकोला केसांना धरून बाहेर ओढलं. ती गुडघ्यांवर पडली आणि सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. चपलांनी, हातांनी, एकीनं तर तिच्या तोंडात चिखल कोंबला. तिचा कान फाटून रक्त आलं. मला ते बघताना बरं वाटत होतं, आई, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात तू मधे शिरलीस. दोन्ही हात पसरून तिच्यासमोर उभी राहिलीस, घराकडे पाठ करून. "बाईवर हात नाई टाकाचा," तू म्हणालीस. "हे काय आपल्या मर्जीनं गाळते का दारू? तिचाबी नवरा तिले मारतेच ना."

बाया थांबल्या. आणि तो घरातून उभारी घेऊन आला. तुला दिसला नाही, मला दिसला. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. लाकूड हाडावर बसल्याचा आवाज मात्र मला अजूनही ऐकू येतो. तू पडलीस तरी त्यानं आणखी दोनदा मारलं, एक खांद्यावर, एक कानशिलात. तू जिला वाचवलंस ती बाई चार हातपायांवर रांगत घरात गेली आणि तिनं आतून कडी लावली.

पुढचं सगळं तुझ्याच वाट्याला आलं. डावा हात कायमचा लुळा पडला, झटके यायचे, चुलीवर भाजी ठेवून तू माझंच नाव विसरायचीस. कोर्टात तुझ्यासोबतच्या बाया एकेक करून फिरल्या. मी मागं होती, मले दिसलं नाई, असं प्रत्येकीनं सांगितलं. मला कुणी साक्षीला बोलावलंच नाही, पोरगी लहान आहे म्हणाले. तो सुटला आणि त्याच आठवड्यात त्याची भट्टी पेटली. सहा वर्षांनी झटक्यातच तू गेलीस. त्यानंतर तीन वर्षांनी मी पोलिसात भरती झाले. आर्वीच्या मामानं सगळ्यांना पेढे वाटले आणि म्हणाला, आता पोरगी मायचा बदला घेईल. मी हसले होते.

आता मी हवालदार आहे, बोरगाव मेघेत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहते. इतक्या वर्षांत किती सडवा ओतला याची मोजदाद नाही. आम्ही ड्रम फोडतो, फोटो काढतो, पेपरात बातमी येते, आणि आठ दिवसांनी त्याच नाल्यात तोच धूर दिसतो. कधी कधी आम्ही पोहोचायच्या आधीच चुली विझलेल्या असतात. निरोप कुठून जातो हे ठाण्यात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही.

यंदा उन्हाळ्यात सकाळीच एका नाल्यावर छापा टाकला. पुरुष होते ते पाणी ओलांडून पळाले. एक बाई राहिली, माझ्याच वयाची. पायात चप्पल नव्हती, म्हणून पळू शकली नसावी. ती भट्टीपाशी हात जोडून उभी होती. "मारू नका बाई," म्हणाली, "मी रोजीनं येतो इथं." मी पहिली काठी तिच्या पोटरीवर मारली. ती बसली. तिथं थांबायला हवं होतं. मी दुसरी मांडीवर मारली, मग पाठीवर, मग ती आडवी झाली आणि तिनं डोक्यावर हात घेतले तेव्हा त्या हातांवर. कोपर मोडलं ते काठीतून माझ्या मुठीला कळलं. तरी मी मारत राहिले. सोबतच्या शिपायानं मागून मला कवेत धरलं, काठी हिसकावली आणि म्हणाला, "बस करा मॅडम, मरन ते."

मारताना मला ती दिसतच नव्हती. हात पसरून उभी राहिलेली तू दिसत होतीस. तू मधे पडली नसतीस तर त्यानं तुला मारलं नसतं, हे मी इतकी वर्षं मनात घोळवत आले होते. राग त्या दारूवाल्यावर आहे असं मी समजत होते. त्या नाल्यात कळलं की तो तुझ्यावर होता.

पळताना दगडावर पडून जखमी, असं कागदावर लिहिलं गेलं. मीच लिहिलं. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तर तिनंही मान डोलावली, पडली मी. तिसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत मी वॉर्डात गेले. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं. तिनं मला ओळखलं आणि पहिल्यांदा काय केलं, तर चांगला हात चादरीखाली लपवला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मी कोनाले नाई सांगत, बाई."

घरी येऊन मी सगळं खरं लिहून काढलं. ती पळाली नव्हती, पडली नव्हती, आडवी झाल्यावरही मी मारलं. खाली सही केली आणि ठाणेदारसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी सावकाश वाचलं. चिडले नाहीत, उलट मला बसायला सांगितलं. "तुमच्या मायले अशाच लोकायनं मारलं होतं ना?" ते म्हणाले. "ते बाई स्वतःच सांगते, पडली म्हणून. तुम्ही काऊन वाढवून राह्यल्या?" साहेबांच्या मते एकीनं असं लिहिलं की उद्या प्रत्येक छाप्यावर चौकशी लागते, मग दारू कोण पकडणार. बोलता बोलता त्यांनी कागदाचे चार तुकडे केले आणि मला दोन दिवस रजा घ्यायला सांगितली.

मी रजा घेतली. तीच संपत आली आहे. बाईचं कोपर सरळ होणार नाही असं डॉक्टर म्हणाला. त्या नाल्यात पुन्हा धूर दिसतो, असं शिपायानं फोनवर सांगितलं.

तू जिवंत असतीस तर यातलं एक अक्षरही मी तुला लिहिलं नसतं. रजेवरून परत जाऊन तोच कागद पुन्हा लिहीन, वर पाठवीन, असं तुला सांगावं म्हणून दोन दिवस हे पत्र लिहीत बसले होते. पण तो कागद मला तोंडपाठ आहे आणि मी तो पुन्हा लिहिलेला नाही. साहेबांनी तो फाडला तेव्हा मी त्यांना थांबवलं नाही. मला हायसं वाटलं होतं.