त्याच्या नावावरची माझी वाक्यं

बाई, काल त्या माणसाची मुलाखत ऐकली. तुम्हाला तो माहीत असण्याचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी अजून पुण्यातच होते आणि फुटबॉलमध्ये बरेच जण एका चेंडूमागे धावतात एवढीच माझी समज होती. तो स्कॉटलंडचा एक स्ट्रायकर, म्हणजे सगळ्यांत पुढे उभं राहून गोल मारणारा. जपानमध्ये तीन हंगाम खेळला आणि तिन्ही हंगाम मी त्याची दुभाषी होते. आता निवृत्त होऊन आपल्या गावी बसलाय आणि कुणी माईक पुढे केला की बोलतो. काल म्हणाला, जपानी लोकांनी माझ्यावर इतकं प्रेम केलं, कारण मी त्यांच्याशी मनापासून बोलायचो. मी भांडी घासत होते. हातातलं पातेलं सिंकमध्ये आपटलं तेव्हा लेकीने आतून जपानीत विचारलं, पुन्हा भूकंप का?

त्याची कारकीर्द सांगते, फार वेळ लागणार नाही. विशीत असताना एका हंगामात त्याने धडाधड गोल मारले, पेपरात फोटो आले, आणि त्या एका हंगामाच्या जोरावर पुढची बारा वर्षं तो या क्लबातून त्या क्लबात जात राहिला. दर वेळी आधीपेक्षा लहान क्लब. स्कॉटलंडहून इंग्लंड, तिथून सायप्रस, आणि गुडघा कुरकुरायला लागल्यावर जपानच्या दुसऱ्या श्रेणीतला एक क्लब, टोकियोच्या उत्तरेला, किनाऱ्यालगतच्या गावातला. मैदानात त्याला बघून मला लग्नातले काही पाहुणे आठवायचे. सगळं घर राबत असतं, हे मात्र पान मांडलं की बरोबर पाटावर. बाकीचे दहा जण चिखलात लोळून चेंडू आणायचे आणि हा गोलसमोर कमरेवर हात ठेवून उभा. चेंडू आला की पाय लावायचा. गोल झाला तर दोन्ही हात आभाळाकडे, नाही झाला तर पास देणाऱ्याला शिव्या. त्या शिव्यांचं भाषांतर करण्याचा पगार मला मिळत होता.

मी टोकियोत तोयोसुच्या ऑफिसात कागदपत्रांची भाषांतरं करत होते, तिथून या कामात आले. त्याचं इंग्रजी कळायलाच मला महिना लागला. शब्द तो दातांतच ठेवायचा. जपानमध्ये मॅच जिंकली की ज्याने जिंकून दिली त्याला मैदानात उभं करून सगळ्या स्टेडियमसमोर बोलायला लावतात. हिरो म्हणतात त्याला. हा हिरो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा म्हणाला, ‘‘दमलोय. आंघोळ करायचीय.’’ समोर लहान पोरं घेऊन आलेली माणसं, गळ्यात क्लबचे मफलर घातलेल्या म्हाताऱ्या बाया, सगळे श्वास रोखून थांबलेले. मी माईकमध्ये जपानीत म्हणाले, ‘‘माझे पाय म्हातारे झालेत. पण या गावाचा आवाज कानावर आला की ते आपोआप पळतात.’’ पुढच्या रांगेतली एक बाई रडायला लागली. मग मला सवयच लागली. तो ढेकर दिल्यासारखे दोन शब्द टाकायचा आणि मी त्यांचं आठ वाक्यांचं भाषण करायचे. पोरांनी त्याचं नाव पाठीवर मिरवलं ते माझ्या वाक्यांवर.

आता तुमचा चेहरा कसा झाला असेल ते दिसतंय मला. भोसरीच्या त्या कारखान्यातला दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही विसरले. जपानी पाहुणे आलेले, तुमच्याकडे जपानी शिकून मी पहिल्यांदाच दुभाषी म्हणून बसलेली, तुम्ही शेजारी. मॅनेजर म्हणाला, तुम्ही पाठवलेलं मशीन भंगार आहे. मी जपानीत म्हणाले, मशीनमध्ये काही सुधारणांना वाव आहे असं वाटतं. तुम्ही सगळ्यांसमोर माझं वाक्य खोडलंत आणि ‘भंगार’ जसंच्या तसं त्यांच्यापुढे ठेवलंत. बाहेर आल्यावर मला म्हणालात, ‘‘तू दुभाषी आहेस की सासरच्यांना सांभाळून घेणारी सून? माणूस जेवढा वाईट आहे तेवढा वाईट पोचवायचा. त्याला आंघोळ घालणं तुझं काम नाही.’’ दुसऱ्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता तोच धडा पुन्हा दिलात. तो ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं, आणि आपलं त्यात काही घालायचं नाही. तुम्ही चहा विचारलात आणि माझ्या उत्तराची वाट न बघता आधण एका कपाचंच ठेवलंत. सांगायला तुमचं काय जात होतं, बाई. भरल्या स्टेडियमसमोर ‘आंघोळ करायचीय’ म्हणायची वेळ तुमच्यावर आली नव्हती.

मग भूकंप झाला आणि त्याच्यामागून त्सुनामी आली. तिसऱ्या दिवशी तो विमानात होता. पळाला म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. तोयोसुतली आपली माणसं, ओजिमातली आपली बिऱ्हाडं, ज्याला तिकीट मिळालं तो निघाला. पण ज्या पोरांच्या पासवर हा जगला त्यांतल्या दोघांची घरं वाहून गेली होती, आणि याने एकालाही साधा फोन केला नाही. मला मेसेज आला तो फ्लॅटमध्ये राहिलेल्या गोल्फच्या काठ्यांबद्दल. पुढे लीग पुन्हा सुरू होणार असं ठरलं तेव्हा उन्हाने तांबूस होऊन परत आला.

क्लबने सगळ्या खेळाडूंना शाळेच्या जिममध्ये नेलं. घरं गेलेली माणसं तिथे पुठ्ठ्यांचे आडोसे करून राहत होती. हा एका कोपऱ्यात सह्या देत उभा होता, मी शेजारी. एक म्हातारी आली. मासे विकायची, दुकान गेलं होतं, दुकानामागचं घरही. तिने त्याच्याकडे बघत शांतपणे विचारलं की गावाचा आवाज ऐकून पाय पळतात असं तुम्ही म्हणाला होतात, आता गाव एवढंच उरलंय, एवढ्या आवाजावर तुम्ही पळाल का? इथेच राहाल का? मी त्याला प्रश्न सांगितला. तो खांदे उडवून हसला आणि म्हणाला, ‘‘तूच सांग काहीतरी. तुझं नेहमी छान जमतं.’’

म्हणजे त्याला ठाऊक होतं. जपानीचा एक शब्द कळत नसला तरी आपल्या दोन शब्दांवर बाया रडतात हे त्याला पहिल्या हंगामापासून दिसत होतं, आणि ते त्याने आरामात खाल्लं होतं. माझ्या अंगाची आग झाली. त्याच्यासाठी आणखी एक वाक्य रचायची मला शिसारी आली. त्याचं वाक्य होतं तसं द्यावं, तर त्या म्हातारीला ते ऐकवायला माझी जीभ वळेना. शेवटी मी तिला म्हणाले, ‘‘त्यांना ते वाक्य माहीत नाही. ते माझं होतं.’’ म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. तो विचारत होता, काय म्हणते ती? मी त्याला काही सांगितलं नाही. ती म्हणाली, ‘‘मग तुम्ही सांगा. तुम्ही राहणार का?’’

मी म्हणाले, ‘‘राहते.’’

त्या दिवसापासून मी तुमचा नियम पाळायला लागले. हंगाम सुरू झाल्यावर तो एकदाच हिरो ठरला, आणि ‘दमलोय, आंघोळ करायचीय’ हे मी माईकमध्ये जसंच्या तसं म्हणाले. वाटलं, आता याची उतरेल. बाई, सगळं स्टेडियम हसलं. काय मोकळा माणूस म्हणून तो आणखी लाडका झाला. तुमचा नियमही त्याच्याच उपयोगी पडला. सुदैवाने गुडघ्याने माझ्यापेक्षा चोख काम केलं, गोल आटले, आणि हिवाळ्यात क्लबने त्याला हार घालून विमानात बसवलं. निरोपाच्या भाषणात त्याने संघातल्या दोन पोरांची नावं चुकवली. मी ती चुकीचीच म्हटली.

तुम्हाला हे कधी पोचणार नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. ‘राहते’ म्हणाले तेव्हा माझं दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलेलं होतं. बॅग भरून दाराशी होती, आई पुण्याहून रोज फोनवर रडत होती. खोलीवर आले आणि बॅग तशीच उघडून बसले. तोवर माझ्या तोंडून निघालेलं सगळं कुणा ना कुणाच्या नावावर टाकता येत होतं. हा एकच शब्द कुणाच्या नावावर टाकता येईना, म्हणून राहिले. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं. टोकियोत फुनाबोरीच्या आपल्या मराठी मंडळींच्या गणपतीत मात्र भूकंपानंतर न पळालेली एकटी बाई अशी माझी ओळख दर वर्षी करून देतात, लोक टाळ्या वाजवतात, आणि मी हात जोडून त्या घेते.