दातेरी अक्षरं

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.४०
दुकान झाडून झालं, काउंटरवरच्या संगणकासमोर बसलोय. आत्याकडे शिलाई मशीनचे सुटे भाग मिळतात. त्यांची सगळी यादी एका जुन्या विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये. विंडोज बंद पडलं तेव्हा मी लिनक्स घातलं — फुकट! वर वाइन बसवलं, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर; त्यातून तो प्रोग्रॅम चालतोही. पण बारीक अक्षरं! करवतीसारखी दातेरी. गिऱ्हाईक डोकावलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. दहावीत शाळा सोडलेल्याचं काम, लगेच कळतं.

गुरुवार, ६ मार्च
जमलं!! वाइनमध्ये अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची सोय बंदच होती. चालू केली, नवे फॉन्ट टाकले. आत्या म्हणाली, "अगदी छापल्यासारखं रे बाळा!"
दिवसभर हवेत होतो.

सोमवार, १० मार्च
आत्यानं ६३ नंबरच्या हुकाऐवजी ६८ दिला. शिंपीकाका परत आले — "ताई, चष्मा घरी विसरलात का?" ती हसली. मग मला म्हणाली, "यापुढं नंबर तूच बघत जा."
बढतीच मिळाली!

शुक्रवार, १४ मार्च
शेजारचा टायरवाला वर्षभर दुकान विकत मागतोय. आत्या त्याला उभं करत नसे. आज चहा दिला. वीस हजार इसार घेतला, कागदावर सही केली.
"डोळे गेले रे माझे. नंबर दिसेनात, दुकान कशाच्या जिवावर चालवू?"
डोळे? मागच्या महिन्यात तर सुईत दोरा ओवत होती!
"कधीपासून?"
"झाला असेल आठवडा."
मी वहीची मागची पानं उलटली: गुरुवार, ६ मार्च.

शनिवार, १५ मार्च
सकाळी गुळगुळीतपणा काढून टाकला. काहीच न सांगता आत्याला समोर बसवलं. खुर्चीतूनच वाचायला लागली — त्रेसष्ट, अडुसष्ट, एकाहत्तर — कुठं अडखळली नाही. मग थांबली.
"हे आधीचं ना रे?"
"मग बोलली का नाहीस?"
"तू केवढा खूश होतास!"
कडा मऊ दिसाव्यात म्हणून संगणक अक्षरांभोवती करडा रंग भरतो. हे मला माहीत होतं. त्या धुरकटपणात तिला नंबर दिसतात का, एवढंच विचारायचं राहिलं. मला गिऱ्हाइकांची लाज!

रविवार, १६ मार्च
टायरवाल्याकडे जाऊन आलो. "कागद वाच," म्हणाला. वाचला. व्यवहार मोडला तर इसार दुप्पट परत.
खर्च: लिनक्स घालायला घेतलेला पेन ड्राइव्ह, ३५०.
माझ्याजवळ: १,१००.
आत्याकडे इसाराचे: २०,०००. हात लावलेला नाही.
द्यायचे: ४०,०००. बुधवारपर्यंत.