रूथबाईंच्या कादंबरीतले खोडलेले पान

सेलू, १२ डिसेंबर १९८६

आज अस्मादिकांच्या विद्वत्तेने एका खुन्यास जवळजवळ निर्दोष मुक्त केले. दवाखान्यातील परिचारिका रूथबाईंनी स्वलिखित रहस्यकादंबरी शुद्धलेखनार्थ माझ्याकडे सोपविली होती. नायिका ख्रिस्ती पोलीस निरीक्षक; पंचनाम्यापूर्वी मृतासाठी मान लववून प्रार्थना करते. ते सबंध पान मी ‘विषयांतर’ असा शेरा मारून लाल शाईने खोडले.

सायंकाळी बाईंनी ते पाहिले.

“सर, मान खाली घातली म्हणून तर तिला त्या पंचाच्या कोऱ्या चपला दिसल्या. खून करताना जुन्या चपला रक्तानं भरल्या म्हणून फेकल्या त्यानं. हे पान काढलं तर खुनी सुटायलाय की. शेवट वाचला न्हाई का तुमी?”

“नाही,” असे मी अत्यंत शुद्ध मराठीत उत्तरलो.

कोऱ्या चपला! प्रार्थनेच्या ओळींत पुरावा ठेवणारी ही प्रतिभा, आणि मी तिच्या वेलांट्या तपासत होतो? त्या चपला मला का दिसल्या नाहीत?

हस्तलिखित उद्याच्या टपालाने प्रकाशकाकडे जायचे आहे, म्हणून ते पान स्वहस्ते पुन्हा उतरवून काढले. एकही शब्द बदलला नाही. बदलण्याजोगा सापडला नाही.