रस्त्यात थांबणारी माणसं

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी रस्ता आठवावा लागतो, मंगळवार पेठेतल्या आपल्या घरापासून म्हशीच्या धारोष्ण दुधाच्या कट्ट्यापर्यंतचा, जिथं समोर धार काढून पेला हातात देतात. तालीम सुटली तरी तुमचा कट्टा सुटला नव्हता. त्या शेवटच्या हिवाळ्यात मी आणि धाकटा तुमच्याबरोबर यायचो आणि तुम्हाला वाटेत सारखं कुणीतरी भेटायचं. "काय पावणं, बरं हाय न्हवं?" अशी खणखणीत हाक द्यायची आणि कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. समोरचा चार शब्द बोलून निघून जायचा, तुम्ही मात्र तिथंच. मला कॉलेजला उशीर व्हायचा, मी चिडायचे. पेठेतले लोक म्हणायचे, माणूस असावा तर असा, कुणाला ओलांडून पुढं जात नाही. मनातून मलाही त्याचा अभिमान होता.

स्वयंपाकघरात आई एकदा म्हणाली होती, "जिना चढताना दम लागतोय तुमास्नी. दाखवून येऊया की." तुम्ही जेवताय, ताटातला हात तसाच थांबलाय. "दम लागतोय म्हंजे खुराक कमी पडतोय. एवढं बी कळंना व्हय तुला?" तिथं विषय मिटला. दुसऱ्या दिवसापासून भातावर तूप वाढलं, रविवारी पांढऱ्या रश्श्याची एक वाटी वाढली, कट्ट्यावर एकाचे दोन पेले झाले. आम्ही सगळे मिळून, मोठ्या मायेनं, तुम्हाला भरवत राहिलो. अशक्तपणावर आपल्याकडं दुसरा इलाज कुणाला सुचतो? मग एका सकाळी कट्ट्यावर तुम्ही कुणाला तरी हाक द्यायला हात वर केलात आणि हाक न देताच खाली बसलात. दुसऱ्या हातातला पेला तुम्ही सांडू दिला नव्हता. तो मी तुमच्या बोटांतून सोडवून घेतला.

गेल्या वर्षी नोकरीतून मोकळी झाले आणि नेपाळमधल्या एका डोंगरगावात, शाळेतल्या पोरांना गणित शिकवायला बिनपगारी गेले. तुम्ही असता तर म्हणाला असता, हितली पोरं काय शानी झाली व्हय सगळी? तिथं जेवायला मांडी घालून बसायचं आणि जेवण होईपर्यंत उठायचं नाही. अंधार पडला की झोप. कुठंही जायचं तर पायी. सुरुवातीला मला हा सगळा आळस वाटला. ज्यांच्या घरी राहत होते त्या आजींबरोबर चढण चढायला लागले की मी आपली कोल्हापूरच्या चालीनं पुढं. त्या चढणीवर पिंपळाखाली एक दगडी ओटा होता, चौतारी म्हणतात, पाठीवरचं ओझं टेकवायला बांधलेला. त्याच्यापाशी आलं की आजी म्हणायच्या, "थकाई मारौं," म्हणजे जरा टेकूया. गडी असो, बाई असो, तरणाताठा असो, सगळे तिथं बसतात, छातीवर हात ठेवून श्वास खाली बसू देतात. कुणी कुणाला कारण सांगत नाही. महिन्याभरात माझी झोप सुधारली, पित्त गेलं. मी अगदी मजेत होते. एक दिवस ओट्यावर बसले असताना खालून एक म्हातारा चढताना दिसला. मध्येच थांबला, कमरेवर हात ठेवले, तोंड उघडं. आसपास चिटपाखरू नव्हतं, त्यामुळं त्याला हाक मारायला कुणी नव्हतं. तो नुसता थांबला होता. आबा, कमरेवरचे ते हात मी ओळखले. तुम्हाला माणसं भेटत नव्हती. तुम्ही थांबायला माणसं शोधत होता.

तिथल्या त्या ओट्यावर बसून मी पुष्कळ रडले. वाटलं, कळलं ते उशिरा कळलं, आता त्याचा काय उपयोग? तेवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं.

परवा परत आले ते कळंब्याला, धाकट्याकडं. तुमचं शाहूपुरीतलं दुकान तोच बघतो. आपला घुम्या तो, दहा प्रश्न विचारावे तेव्हा एक हुंकार देणारा. त्याची बायको चहा देताना कौतुकानं म्हणाली, "आक्का, ह्यांच्यात लई बदल झालाय बगा. रस्त्यानं जाताना थांबून थांबून बोलत्यात समद्यांशी. अगदी मामंजींच्या वळणावर गेलेत." मी कप खाली ठेवला. ती पुढं सांगत होती की जरा थकवा वाटतोय म्हणून त्यानं पुन्हा कट्ट्यावरचं दूध सुरू केलंय.

आज संध्याकाळी तो आणि मी तलावाच्या बाजूनं फिरायला गेलो. चढ लागला तसा तो थांबला, एका दूधवाल्याशी बोलला. थोडं पुढं गेलो, पुन्हा थांबला, सायकलवरच्या कुणाशी तरी बोलला. कपाळाला घाम, या थंडीत. मी म्हटलं, "दम लागतोय का रे?" "छ्या, कसला दम? खुराक कमी पडतोय जरा." मी आणखी काही बोलणार तोच तो पुन्हा थांबला. कमरेवर एक हात ठेवला, दुसरा वर केला आणि खणखणीत ओरडला, "काय पावणं, बरं हाय न्हवं?"

पुढं रस्त्यावर कुणीच नव्हतं.

तो माझ्याकडं बघत नव्हता. उद्या सकाळी तो कट्ट्याला निघायच्या आत मी दारात आडवी उभी राहणार आहे, ओढत दवाखान्यात नेणार आहे, हे तुम्हाला सांगायला बसले. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, मला ठाऊक आहे. पण एवढं कळूनही त्या रस्त्यावर मी काय केलं, ते दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. त्याची लाज राहावी म्हणून त्या मोकळ्या रस्त्याकडं बघून मीही हात केला.