दाढेतले दिवस

२ मार्च, सोमवार

आलो एकदाचे! दोन ट्रंका, एक पाळणा आणि गाडीत चार तास गळा काढून आता शहाण्यासारखी झोपलेली माझी दीड वर्षांची ठमी. मावशी दारातच उभी होती. माझ्याकडे न बघता आधी तिने ठमीला उचललं, तिच्या हनुवटीखाली बोट घालून तोंड उघडलं आणि दात मोजले. दंतवैद्याची जात! बारा आहेत म्हणाली. मी म्हटलं, मलाही मोज, तर हसली.

माय मरो, पण मावशी जगो म्हणतात. माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं झालं. आई मला जन्म देऊन गेली आणि पहिल्या दिवसापासून मावशीने मला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही, मला मात्र थाटात करून दिलं. ठमीचे बाबा बोटीवर नोकरीला आहेत, आठ महिने तरी येत नाहीत. मावशीचं पत्र आलं, की एकटी कशाला कुढत बसतेस, माझ्या प्रयोगशाळेत माणूस हवंय, लेक घेऊन ये. मी दुसऱ्या दिवशीच सामान बांधलं.

घर प्रयोगशाळेच्या मागेच. दोन खोल्या, मोरी, स्वयंपाकाचा ओटा, मध्ये एक लांबट बोळ. खिडक्यांना आतून फळ्या ठोकल्यात, प्रकाशाने काचेवरचे नमुने खराब होतात म्हणे. पण छताला मोठा दिवा आहे. तो सकाळी आपोआप हळूहळू उजळतो आणि रात्री हळूहळू मंदावतो. कोंबड्याचीसुद्धा गरज नाही!

३ मार्च, मंगळवार

काम शिकले. ‘दात कोरून पोट भरत नाही’ असं म्हणणाऱ्याने मावशीची प्रयोगशाळा पाहिली नसणार. इथे गावोगावचे दंतवैद्य मुलांचे पडलेले, उपटलेले दात पाठवतात. मागच्या खोलीत घासणारे काका बसतात. ते दाताची चकती कापून काचेवर पाणी-भुकटी घालून इतकी पातळ घासतात की तिच्यातून पलीकडचं वाचता येतं. मग ती माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली.

आणि काय दिसतं म्हणून सांगू! दात हिरडीच्या आत तयार होत असतो, तेव्हा त्याचं इनॅमल रोज थोडं थोडं चढतं. शरीराच्या आत एक घड्याळ असतं, त्याच्या ठोक्याने. एका दिवसाची एक बारीक रेघ. मूल जन्मतं त्या दिवशी एक ठळक रेघ उमटते, मोठं आजारपण आलं की आणखी एक. मी सुईच्या टोकाने एकेक रेघ मोजते आणि हातातल्या यंत्राची कळ दाबते.

नियम एकच, पण कडक. प्रत्येक दाताबरोबर एक कार्ड असतं. त्यावर मुलाची जन्मतारीख आणि आजाराची तारीख, नाव नाही. ते कार्ड उपडं ठेवायचं. आधी रेघा मोजायच्या, आकडा लिहायचा, आणि कार्ड उलटायचं ते मावशीनेच. उत्तर माहीत असलं की डोळा लबाडी करतो, असं तिचं म्हणणं. आज तीन दात मोजले, तिन्ही वेळा चार-पाच दिवसांच्या फरकाने बरोबर. मावशीने पाठ थोपटली. मला दहावीच्या निकालालासुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

५ मार्च, गुरुवार

माझं मनगटी घड्याळ बिघडलं. भिंतीवरच्या घड्याळाच्या पुढे पळतंय, आणि थोडंथोडकं नाही, तासन्‌तास! मावशीने दुरुस्तीला टाकते म्हणून नेलं. लग्नातलं घड्याळ, सासरच्या माणसांसारखंच उतावीळ.

बाहेर डांग्या खोकल्याची साथ आहे. मावशीने बजावलंय, महिनाभर ठमीला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही आणि मीही जायचं नाही. दूध, भाजी, सगळं तीच आणते. मला बाहेर जाऊन करायचंय तरी काय म्हणा.

घासणारे काका विचित्र आहेत. परवा नऊला आले, काल दिवा उजळायच्या आत, आणि आज तर मध्यरात्री त्यांच्या खोलीचं दार वाजलं. मावशी म्हणाली, म्हाताऱ्याची झोप उडालीय, त्याला काळवेळ उरलेली नाही.

८ मार्च, रविवार

ठमी पहिले दोन दिवस किरकिरली, पण आता दिवा मंदावला की पेंगते आणि उजळला की उठते. मध्ये एकदाही नाही! आणि मी? मी तर तिच्याहून गाढ झोपते. कळायला लागल्यापासून सकाळी उठले की डोकं जड असायचं, दिवस पुरायचा नाही, रात्री डोळा लागायचा नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली. इथे आठवड्यात सगळं गेलं. जणू हे अंथरूण माझ्याच मापाने शिवलंय. मावशीला सांगितलं तर तिने ते वहीत टिपून घेतलं. मी चेष्टेने विचारलं, मी काय तुझा उंदीर आहे का? ती हसली, पण लिहायची थांबली नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज रात्रीची पानं वाढलेली आणि काका हजर. हातात घासलेल्या चकत्यांची पेटी. मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, काका, ही काय कामाला यायची वेळ झाली? त्यांनी पेटी ओट्यावर ठेवली. मग म्हणाले की बाई, मी रोज नऊच्या ठोक्याला येतो, चाळीस वर्षांत एकदा चुकलेलो नाही. मावशीने त्यांना बाहेर नेलं. नंतर तिचा आवाज चढलेला ऐकू आला. ती माझ्यावरही कधी ओरडली नाही, म्हणून नवल वाटलं.

१४ मार्च, शनिवार

आज माझी फजिती झाली. एक दाढ मोजली, जन्माच्या रेघेपासून आजाराच्या रेघेपर्यंत. मावशी पहिल्यांदाच माझ्या खांद्याशी उभी राहिली. सहाशे बहात्तर आल्या. तिने कार्ड उचललं, वाचलं, पुन्हा उपडं ठेवलं आणि म्हणाली, परत मोज. परत सहाशे बहात्तर. तिसऱ्यांदाही तेच. मी म्हटलं, चुकलं असेल तर सांग ना, मी काय रुसणार आहे? तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चुकलं नाही बाळ, म्हणाली, आणि माझा मुका घेतला.

१५ मार्च, रविवार

नियम मोडला. मावशी दूध आणायला गेली तेव्हा कालचं कार्ड उलटलं.

डावी, खालची, पहिली पक्की दाढ. तारखा मोजल्या, तर गोवर आला तेव्हा मुलीचं वय सातशे चौऱ्याऐंशी दिवस. आणि जन्मतारीख माझी.

बारा वर्षांची असताना मावशीने माझी डावी, खालची दाढ काढली होती. किडलीय म्हणाली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले होते. आज चकती पुन्हा पुन्हा पाहिली. कुठेही कीड नाही. कुठेही नाही! चांगली दाढ उपटली माझी.

आणि सातशे चौऱ्याऐंशी दिवसांत रेघा सहाशे बहात्तरच का? एकशे बारा दिवस गेले कुठे? दर सात दिवसांमागे बरोबर एक रेघ कमी पडते. मी गोवर होईपर्यंत अशक्त होते, मला उजेड सोसत नसे, म्हणून बंद खोलीत ठेवलं होतं, एवढंच मावशी सांगायची.

बंद खोलीत. दिव्याखाली.

विचारायचं धाडस होत नाही. तिने मला वाढवलंय. माझंच काहीतरी चुकत असेल.

१७ मार्च, मंगळवार – की शुक्रवार?

मध्यरात्री जाग आली. भिंतीवरच्या घड्याळात बारा. मागून घासल्याचा आवाज येत होता, काचेवर दगड. बोळातून चाचपडत गेले तोवर आवाज थांबला, मधली दोन्ही दारं ढकलली.

काका डबा खात बसले होते. त्यांच्या मागे अंगणाचं दार सताड उघडं, आणि दारातून ऊन. ऐन दुपारचं ऊन! रस्त्यावर मुलं दप्तरं घेऊन चालली होती. कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मी हात पुढे केला, त्यावर ऊन पडलं.

काकांनी पाणी दिलं. मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. आज वीस तारीख, शुक्रवार. साथ-बीथ काही नाही, कधी नव्हतीच. आतलं घड्याळ आणि दिवा एकाच विजेच्या पेटीवर चालतात, त्यांचा दिवस अठ्ठावीस तासांचा, बाहेरचे सात दिवस म्हणजे आतले सहा. ते म्हणाले, ताईंनी सांगितलं होतं की तुम्ही स्वतःहून कबूल झालात. मग मान खाली घालून म्हणाले की तुमची दाढही मीच घासली, तेव्हाही मी गप्प बसलो.

दाताची रेघ सूर्याने पडते की दिव्याने, एवढंच तिला बघायचं होतं.

त्यासाठी मी. एका दिवसाची, आई मेलेली, मी.

तारीख माहीत नाही

काकांना पोलिसांकडे धाडून ठमीला उचलायला आले, तर पाळण्याशी मावशी बसलेली, दिवा तिने हाताने उजळलेला. ठमी तिच्या मांडीवर.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली की एका दाढेवर जगात कोण विश्वास ठेवतं? दुसरी हवी, त्याच रक्ताची. ठमीची पक्की दाढ आत्ता तयार होतेय, आणखी दीड वर्ष पुरे. पुढे काढली की कळेल. दाढ काय, एखादी गेली तर अडतं का कुणाचं, तुझं कुठे अडलं?

मी म्हटलं, पंचवीस वर्षं मला झोप नाही. मी म्हटलं, मी तुझ्यावर विश्वासाने मान टाकली आणि तू केसाने गळा कापलास. ओरडले मी. मग एवढंच विचारलं, माझ्यावर तुझी माया होती की नाही? एक दिवस तरी?

तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. म्हणाली, वेडी आहेस, ते सगळे दिवस मीही तुझ्याबरोबर त्याच दिव्याखाली काढले.

आणि ठमीला घेऊन आतल्या खोलीत गेली. कडी लावली.

नंतर

दार लोखंडी. खांदा सुजला.

अंगणाचं दार उघडंच आहे. मी जाऊ शकते. उंबऱ्यापर्यंत गेलेही. पण मी बाहेर आणि ठमी आत – परत येईन तोवर ही तिला घेऊन कुठे – नाही. काका येतील. माणसं घेऊन येतील. तोवर दारापासून हलायचं नाही.

घासल्याचा आवाज येत नाही. काका अजून नाहीत.

नंतर

दिवा मंदावायला लागला. आतून तीच मंद करत असणार.

बाहेर ऊन आहे, मला ठाऊक आहे, ऊन आहे. तरी डोळे – तोंडावर पाणी मारलं. उभी राहिले. उभ्या उभ्या झोपले, गुडघे फुटले. माझं अंगसुद्धा तिचंच ऐकतं. माझं काय आहे मग माझ्यात?

जागं राहायचं. लिहीत राहायचं.

आतून ठमीचा आवाज. हसतेय. मावशी तिला काहीतरी शिकवतेय, पुन्हा पुन्हा तोच शब्द –

ठमीने म्हटला. स्पष्ट म्हटला. आई.

तिला. मला नाही, तिला –

ठमे, मी इथे आहे गं, दाराशी. झोपू नकोस. दिवा गेला तरी झोपू नको, बाहेर दिवस आहे, मी तुला दाखव