दुरडीचं घुंगरू

१२ जानेवारी

भाकरीच्या दुरडीले बैलाचं घुंगरू बांधलं. हात लागला की वाजलं! नागपूरले राधिकाच्या डोक्यातली गाठ काढली, तवापासून ही सून खाऊन-खाऊन फुगून राह्यली. जेवून उठते अन् भांडे घासता-घासता पुन्हा दुरडीत हात. मुकेश म्हणे, "माय, डॉक्टरनं सांगतलं होतं ना, भूक वाढन." बायकोचा वकील! बिमार माणसाचं तोंड उतरते. हिचं तं भरून राह्यलं. मी हप्त्यातून दोन उपास करते, मले नाही लागत भूक?

१४ जानेवारी

हळदीकुंकवाले बाया बसल्या अन् आत घुंगरू वाजलं. मी म्हटलं, "आली पाहा म्हैस गव्हाणीवर!" ललिताबाई पदर तोंडात कोंबून हासली. राधिका वाण द्यायले बाहेर आलीच नाही. मीच वाटलं. लय मजा आली.

१७ जानेवारी

वैभवी आली — लेकीची पोरगी, अमरावतीले औषधाचं शिकते. घुंगरू पाहून म्हणे, "आजी, हे कायले?" सांगतलं. पोरगी हासली नाही. मोबाईलात दोन उंदरं दाखवले. एक साधा, एक भोपळ्यावानी.

"मेंदूच्या बुडाशी एवढीशी जागा असते, हायपोथॅलॅमस. पोट भरलं, आता बस, हे तिथून समजते. तिथं इजा केली की उंदीर खातच राह्यते. मामीची गाठ तिथंच होती."

"अन् बाजूले इजा केली तं?" मी आपलं तोंड चालवलं.

"काही ठिकाणी केली तं समोर दाणे असून खात नाही. उपाशी मरते."

मंग त्या उंदराले काय म्हणावं — उपासवाला? पुण्यवान?

उठून गोठ्यात गेले. तिथं काही काम नव्हतं. मेंदूतल्या त्या जागेचं नाव वैभवीले पुन्हा विचारायची लाज वाटली, ऐकलं तसं लिहिलं. त्या दिवशी हासलेल्या बाया आपापल्या घरी गेल्या. माझा शब्दही गेला त्यायच्यासंगं. माघारी कसा आणू?

१८ जानेवारी

घुंगरू सोडलं. राधिका समोर आली की मी डाळ निवडते. निवडलेलीच.

१९ जानेवारी

घुंगरू पुन्हा दुरडीवर! "कोणं बांधलं?"

राधिका म्हणे, "मीच, आत्याबाई. मले खरंच समजत नाही, पोट भरलं का नाही. वाजलं की आवाज देत जा. फक्त — राधिका म्हणून द्या."